जाळ्यातल्या भिंती आणि आपण कलाशाखेची मुले

आजचे युग संगणकाचे युग आहे, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते ऐकून कोणी मान वर करीत नाही. पण या युगात आमची जागा कोणती, असा प्रश्न कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विचारला की मात्र लोक हसतात. "तुम्ही आपल्या कविता वाचा, यंत्राचे आम्ही पाहू," असा त्या हसण्याचा अर्थ असतो. या लेखात मला त्या हसण्याला उत्तर द्यायचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतो आहे ते जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात, जिन्याखालच्या एखाद्या कुलूपबंद कपाटात, हिरवे दिवे मिचकावीत बसलेल्या पेटीचे. तिला 'स्विच' म्हणतात.

स्विच म्हटले की आपल्याला दिव्याचे बटण आठवते. हा स्विच वेगळा. याला २४ किंवा ४८ पोर्ट असतात. एकेका पोर्टातून एकेक वायर निघते आणि तिच्या टोकाला कुठे कार्यालयाचा संगणक, कुठे प्रिंटर, कुठे फाटकावरचा कॅमेरा असतो. ज्या इथरनेट पद्धतीवर हे चालते, तिचा जन्म अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली झाला. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा ४८ बिटांचा पत्ता असतो. स्विचचे काम गावात नव्याने आलेल्या पोस्टमनसारखे आहे. पत्ता ठाऊक नसेल तर तो घरोघर पुकारा करतो; एकदा ओळख पटली की पत्र थेट त्याच दारात टाकतो. आणि एखादे यंत्र बराच वेळ, बहुतेक स्विचमध्ये पाच मिनिटे, गप्प राहिले तर त्याचे घर विसरूनही जातो.

आता अडचण अशी, की यंत्रे स्वतःहूनही वरचेवर पुकारे करीत असतात, आणि हा पुकारा सर्वांच्या कानी जातो. यंत्रे वाढली की गोंगाट वाढतो. शिवाय परीक्षा विभागाचा संगणक आणि पोरांचे मोबाईल एकाच वाड्यात नांदू लागतात. यावर काढलेला उपाय म्हणजे आभासी स्थानिक जाळे, व्यवहारातल्या भाषेत 'व्हीलॅन'. पेटी एकच, पण पहिली आठ पोर्ट कार्यालयाची, पुढची बारा संगणक कक्षाची, उरलेली ग्रंथालयाची, असे तिला सांगून ठेवायचे. मग कार्यालयाचा पुकारा ग्रंथालयात ऐकू येत नाही. वीट न लावता भिंत उभी राहते. एका भागातून दुसऱ्या भागात जायचे असेल तर राउटरच्या दारातूनच जावे लागते, आणि कोणाला सोडायचे, कोणाला अडवायचे याचे नियम त्या दारावर लिहिता येतात.

दोन इमारतींमधल्या दोन स्विचना जोडणारी वायर मात्र एकच असते. तीतून सर्व भागांची पत्रे एकत्र जातात. ती पलीकडे वेगळी कशी करायची? प्रत्येक पत्रावर चार बाइटांचा एक शिक्का मारायचा. हा शिक्का कसा असावा याचे प्रमाण, आयईईई ८०२.१क्यू, १९९८ साली ठरले. त्यात भागाच्या क्रमांकासाठी १२ बिटे आहेत. म्हणजे ४०९६ क्रमांक झाले. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून ४०९४ भाग पाडता येतात.

मित्रहो, हे समजायला इंजिनियरिंगची पदवी लागली का? माझे वडील रात्रीच्या पाळीला उसाला पाणी देतात. कोणते दार उघडले की कोणत्या चारीला पाणी जाते, कोणते बुजवले नाही तर शेजाऱ्याच्या वावरात शिरते, हे त्यांना अंधारातही कळते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. 'कमवा आणि शिका' योजनेत मला संगणक कक्षात काम मिळाले आणि हा विषय थोडाफार हाताखालून गेला, तेव्हा तो मला परका वाटला नाही. वर्गीकरण करणे, नाव देणे, क्रम लावणे, नोंद ठेवणे हे तर इतिहासाचा आणि ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी रोज करतो. स्विच सांभाळणे म्हणजे बरेचसे हेच. कोणत्या पोर्टाला कोण जोडले आहे, कोणता क्रमांक कोणत्या विभागाचा, बदल कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला, हे लिहून ठेवणे. यात एक गंमतही आहे. अनेक स्विचमध्ये चालू मांडणी वेगळी आणि जतन केलेली मांडणी वेगळी असते. दिवसभर खपून भिंती उभ्या केल्या आणि जतन करण्याची आज्ञा द्यायची राहिली, तर वीज जाऊन परत येताच सारे पूर्ववत! आपल्याकडच्या विजेचा लौकिक पाहता ही आज्ञा आपणच सर्वांत आधी पाठ केली पाहिजे.

पण घडते काय? आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेत ही सर्व व्यवस्था बाहेरच्या एका ठेकेदाराने करून दिली. संकेतशब्द त्याच्या खिशात, नकाशा त्याच्या डोक्यात. पुढे बिलावरून वाद झाला आणि त्याने येणे बंद केले. नेमके परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत एक भाग बंद पडला. शेवटी पेटी मूळ कोऱ्या अवस्थेत आणावी लागली आणि तिच्यातली सगळी मांडणी पुसली गेली. दोन दिवस खेड्यापाड्यांतून आलेली मुले एस.टी.चे भाडे खर्चून रिकाम्या हाताने परत गेली. मी ठेकेदारापेक्षाही त्या समजुतीला दोष देतो, की हे आपले काम नव्हेच.

निष्काळजीपणा केवळ आपल्याकडेच असतो असे नाही. बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस या प्रख्यात रुग्णालयाचे जाळे नोव्हेंबर २००२ मध्ये कोसळले. वाढत वाढत त्या जाळ्याने मूळ व्यवस्थेच्या मर्यादा ओलांडल्या होत्या. सुमारे चार दिवस डॉक्टरांना पुन्हा कागद-पेन घेऊन काम करावे लागले. त्या रुग्णालयाची थोरवी अशी, की त्याने ही गोष्ट झाकून न ठेवता जगाला सांगितली.

जाळ्यात वायरींचे वर्तुळ झाले की एकच पुकारा गरगर फिरत राहतो आणि सारे ठप्प होते. हे टाळण्याची युक्ती रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषींनी १९८५ साली मांडली. त्या निबंधात सारांशाच्या जागी त्यांनी चक्क एक कविता घातली होती! "कविता वाचा, यंत्राचे आम्ही पाहू" म्हणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

आणि आता मुख्य मुद्दा. भिंत ही गोष्ट मोठी दुधारी आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी गेले, तेव्हा त्यांना इतकी वर्षे अडवणारी भिंत विटांची नव्हती. तीही अदृश्यच होती. म्हणून भिंत म्हटली की आमच्यासारख्यांच्या मनात आधी शंका येते, आणि ती यावीच. पण प्रत्येक भिंत अन्यायाची नसते. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते शीतयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराची ओळख वापरून. ते तेथून थेट गल्ल्यापर्यंत पोचले आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. मधली भिंत पुरेशी भक्कम असती तर? माझे गुण कोणी बदलू नयेत म्हणून परीक्षा विभागाभोवती भिंत हवीच. परंतु उद्या कोणी आळसाने असा नियम लिहिला, की विद्यार्थ्यांच्या भागातून ग्रंथालयाची सूचीच दिसू नये, तर तीही भिंतच. हा फरक यंत्राला कळत नाही. माणसालाच करावा लागतो. आणि जो भिंत पाहूच शकत नाही, तो तिच्याविषयी प्रश्न काय विचारणार?

यावर कोणी म्हणेल, की पोरांच्या हाती किल्ल्या दिल्या तर ती बिघाड करतील. किल्ल्या सर्वांना द्याव्यात असे मी म्हणतच नाही. केवळ पाहण्याचा अधिकार वेगळा आणि बदलण्याचा अधिकार वेगळा, अशी सोय या यंत्रात असते. दुसरे कोणी म्हणतील, की अशाने साहित्याचा अभ्यास मागे पडेल. पाटाचे पाणी धरणाऱ्याला अभंग येत नाहीत, असे मात्र मी कोठे पाहिले नाही.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जाळ्याचा नकाशा कागदावर, आणि तोही मराठीत, लिहून ठेवावा. संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत असावा. आणि दरवर्षी सर्व शाखांतून, कलाशाखा न वगळता, चार-दोन विद्यार्थ्यांना हे काम शिकवावे. त्यांतल्या एखाद्याला पुढे त्यावर पोट भरता आले तर दुधात साखरच. ज्यांच्या घरात शिफारस करणारे कोणी नाही, त्यांना हातातले कसबच शिफारसपत्र असते.

जिन्याखालच्या त्या कपाटाला कुलूप असू द्यावे. त्याला माझी हरकत नाही. पण आत काय आहे, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसावे, ही गोष्ट विद्येच्या मंदिराला शोभत नाही.

— द्वितीय वर्ष, कला