राखीव दप्तराची परीक्षा

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. दूरसंचाराच्या जोडण्या बिघडल्याचे कारण लोकांस सांगण्यात आले. पण लोकांच्या मनातला प्रश्न निराळाच होता : अशा प्रसंगासाठीच उभारलेले राखीव केंद्र त्या चार तासांत काय करीत होते?

पुढच्याच महिन्यात सेबीने दंडक घातला की, बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी आणि तेथून ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून कारभार चालू करावा. २ मार्च २०२४ च्या शनिवारी मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी राखीव केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून दाखविले. हे उचितच झाले. परंतु ही कसोटी शेअर बाजारापुरती राहून भागणार नाही. महापालिका, रुग्णालये, सहकारी बँका या साऱ्यांचे दप्तर आज संगणकात आहे, आणि ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ एवढ्या उत्तरावर सारे निर्धास्त आहेत.

हा निर्धास्तपणा कोठे फसतो, ते पाहावे. शाळेच्या हजेरीपटाची नक्कल एखादा कारकून रोज उतरवून घेतो, असे समजा. गुरुजींनी मूळ पटात एक नवा रकाना आखला आणि कारकुनास सांगितलेच नाही, तर नव्या रकान्यातील मजकूर तो कोठे लिहील? डेटाबेसचे असेच आहे. नोंदी वेगळ्या आणि त्या जिच्यात बसतात ती रकान्यांची आखणी, म्हणजे स्कीमा, वेगळी. पोस्टग्रेस या सुप्रसिद्ध डेटाबेसमधील ‘लॉजिकल रेप्लिकेशन’ नोंदी पोचविते, आखणीतील बदल पोचवीत नाही. तसे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. अनोळखी रकान्याची नोंद येताच नक्कल थांबते. मूळ यंत्र मात्र चालूच असते, म्हणून कोणास पत्ता लागत नाही. न पोचलेल्या नोंदी मूळ यंत्रावर साचत जातात, आणि वेळीच लक्ष न दिल्यास डिस्क भरून तेही बंद पडते!

उपाय अवघड नाही. वाढ आधी राखीव दप्तरात करावी, छाटणी आधी मूळ दप्तरात करावी, आणि दोन्ही आखण्या रोज ताडून पाहाव्यात.

कोणी म्हणेल, मग अक्षरशः सर्वच्या सर्व उतरवून घेणारी नक्कल ठेवावी. तशी सोय आहे. पण ती चूकही तितक्याच इमानाने उतरवून घेते. मूळ दप्तरातला रकाना चुकून पुसला, तर क्षणार्धात राखीव दप्तरातलाही पुसला जातो. म्हणून जुन्या तारखेची स्वतंत्र प्रत हवीच, आणि तीही उघडून पाहिलेली हवी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मागे पडलेली नक्कल पूर्ववत् करताना मूळ यंत्रावरीलच नोंदी चुकून पुसल्या गेल्या. शोध घेता नेहमीच्या प्रती निघतच नव्हत्या, असे उघडकीस आले. अखेर सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत तेवढी हाती लागली. कंपनीने ही हकीकत जगापुढे उघड मांडली, हा तिचा मोठेपणा होय.

आमच्या सार्वजनिक संस्थांकडून आम्ही एवढेच मागतो. वर्षातून निदान दोनदा एक दिवसाचा कारभार राखीव यंत्रावरून चालवावा, आणि त्याचा निकाल, पास वा नापास, नागरिकांसमोर ठेवावा. ज्या रुग्णाची नोंद हरवते, ज्या ठेवीदाराचे खाते सापडत नाही, त्याला यंत्रांची नावे ठाऊक नसतात. त्याने आपले दप्तर विश्वासाने सोपविलेले असते. परीक्षा न घेताच उत्तीर्ण ठरविलेला विद्यार्थी आणि कधीही न चालविलेले राखीव यंत्र, दोघांचीही योग्यता ऐन प्रसंगी कळते. आणि तेव्हा उशीर झालेला असतो.