सोवळे रॉक, ओवळा सोल

पाश्चात्य संगीताचा विषय निघाला की आमच्याकडील जाणकारांचे एक वाक्य ठरलेले असते: सत्तरीच्या आरंभी रॉकवाल्यांनी तबकडीला कलाकृतीचा दर्जा दिला, सोल काय, ते आपले नाचायचे संगीत! यातल्या पहिल्या अर्ध्याबद्दल मी फारशी हुज्जत घालणार नाही. लेड झेपेलिनची चौथी तबकडी आणि रोलिंग स्टोन्सची 'स्टिकी फिंगर्स' या दोन्ही १९७१ च्या, आणि दोन्ही मी आवडीने ऐकतो. माझे भांडण आहे ते त्या 'आपले'शी.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा संस्थापक बेरी गॉर्डी पूर्वी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता, आणि गाणीही तो त्याच शिस्तीने काढी. गीतकार निराळे, वादक ठरलेले, गायकाने यावे, गावे आणि जावे! अशा कारखान्यात मार्विन गे याने 'व्हॉट्स गोइंग ऑन' पुढे ठेवले. मूळ कल्पना फोर टॉप्समधील ओबी बेन्सनची. गेचा स्वतःचा भाऊ व्हिएतनामहून परतलेला. गॉर्डीला गाणे मुळीच रुचले नाही. गेने बजावले की, हे निघणार नसेल तर मी दुसरे काही गाणारच नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते निघाले, धो धो खपले, आणि मग कंपनीलाच अख्ख्या तबकडीची घाई सुटली! मे महिन्यात ती आली. गाणी नऊ, पण एक संपते कोठे आणि दुसरे सुरू होते कोठे हे कळू नये अशी गुंफलेली. युद्धावरून आलेला तरुण, त्याची बेकारी, नशा, विषारी झालेली हवा, पोरांची काळजी, देवाचा धावा, आणि शेवटी वस्तीतला कोंडलेला संताप. जेम्स जेमर्सनचा बास तर गाण्याखाली दुसरे गाणे गातो. वर्षानुवर्षे अनामिक राहिलेल्या मोटाउनच्या वादकांची नावे वेष्टनावर प्रथम छापली गेली ती याच तबकडीवर. रॉकच्या कोणत्या कलाकृतीत याहून अधिक एकसंधपणा आहे, हे मला एकदा कोणी दाखवावेच.

आणि नाचता येते म्हणून कला उणी, हा न्याय लावायचा तर आमच्या लावणीलाही वाङ्मयातून हाकलून द्यावे लागेल. आहे तयारी?

स्वयंभूपणाची गोष्ट तर नकोच. झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह' (१९६९) मधील शब्दांवरून विली डिक्सन या कृष्णवर्णी ब्लूजकाराने १९८५ मध्ये दावा लावला; १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्याचे नाव गाण्याला लागले. सोवळ्याखालचे हे ओवळे आमचे जाणकार सोयीने विसरतात.

आता म्हणे जमाना पालटला. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या पाचशे तबकड्यांच्या यादीत २००३ साली सहावी असलेली गेची तबकडी २०२० साली पहिली आली. यावर हे लोक 'राजकारण!' म्हणून नाके मुरडतात. मला यादीचे कौतुक नाही. त्या सतरा वर्षांत तबकडीतला एक सूरही इकडचा तिकडे झालेला नाही. मग पूर्वीच्या त्या सहाव्या क्रमांकात राजकारण नव्हते, हे यांना कोणी सांगितले?

जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिन लागोपाठ दोन रात्री गायली. 'अमेझिंग ग्रेस' ही तबकडी त्यातूनच निघाली. तेथे घेतलेले चित्रण २०१८ पर्यंत लोकांपुढे आले नव्हते. ते जरूर पाहावे. श्रोत्यांत मागच्या बाजूला एक किडकिडीत गोरा तरुण उभा दिसतो. तो मिक जॅगर.