स्वभावचित्रण म्हणजे विशेषणांची यादी नव्हे



‘पाठातील तुम्हांला आवडलेल्या पात्राचे स्वभावचित्रण करा’ हा प्रश्न आपण दरवर्षी घालतो, आणि दरवर्षी तीच उत्तरं तपासतो. तो प्रेमळ होता. तो कष्टाळू होता. तो प्रामाणिक होता. ‘माझे आवडते शिक्षक’ या निबंधातही तेच. शिक्षक फणसासारखे, बाहेरून काटेरी आणि आतून गोड. वर्गातल्या चाळीस मुलांचे चाळीस आवडते शिक्षक, आणि सगळे फणस! गुण मिळतात, हे खरं. पण त्या उत्तरातून माणूस काही दिसत नाही.

लेखक काय करतो बघा. पु. ल. देशपांडे यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. १९६५ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला सखाराम गटणे पुस्तकवेडा आहे, एवढं सांगून पु. ल. थांबत नाहीत. ते त्याला छापील मराठीत बोलायला लावतात. दोन वाक्यांत मुलगा समोर उभा! अंतू बर्वा खवचट आहे हे कुणीही सांगेल. पण तो खवचटपणा कशावर घातलेलं पांघरूण आहे, ते हळूहळू उलगडतं. बायको गेल्याचं दुःख तो सरळ बोलत नाही, दारच्या हापूसबद्दल बोलतो. ‘दुःखी’ हे विशेषण तिथे लागतच नाही. वर्गात हे वाचताना हसणारी मुलं त्या ठिकाणी गप्प होतात. ती जागा शिक्षकाने समजावून सांगू नये, असं माझं मत आहे.

नटाची अडचण आणखी मोठी. त्याला विशेषण करून दाखवताच येत नाही. ‘दुष्टपणा’ करायचा म्हणजे हात कुठे ठेवायचे? म्हणून तो वेगळं काहीतरी विचारतो: या माणसाला या क्षणी काय हवं आहे? रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी अभिनय शिकवताना याच प्रश्नावर भर दिला. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न: याच्या जागी मी असतो, तर काय केलं असतं? आपल्या स्नेहसंमेलनात मात्र खलनायक म्हटला की आपण काजळाने मिशी काढतो आणि मुलाला सांगतो, ‘जोरात हस.’

‘सामना’ आठवा. १९७५ चा चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं. त्यातला निळू फुले यांचा हिंदूराव धोंडे पाटील उगाच डोळे वटारत नाही. रस्त्यावर दारू पिऊन पडलेल्या मास्तरला तो घरी आणतो, त्याची बडदास्त ठेवतो, आपण उभारलेला सगळा पसारा अभिमानाने दाखवतो. या भागाचं भलं आपणच केलं, असं त्याला मनापासून वाटतं. आणि ते सगळं खोटंही नाही, हीच तर गोम आहे! मास्तर मात्र नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो. अशा वेळी भीती वाटते ती त्या पाहुणचाराची. मुलांना विचारून बघा, ‘हिंदूराव चांगला की वाईट?’ एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि वर्गात खरी चर्चा सुरू होते. (जाता जाता: मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, तरुणपणी पुण्यात माळीकाम केलेले. तरीही खेड्यातल्या बायका त्यांना पाहून बोटं मोडायच्या म्हणे!)

आता आपल्या वर्गाकडे येऊ. मी सहावीला एक गृहपाठ देते: घरातल्या एका माणसाकडे दहा मिनिटं नीट बघा आणि पाच वाक्यं लिहा. अट एकच, विशेषण वापरायचं नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. ‘मॅडम, मग लिहायचं काय?’ एकाने लिहून आणलं, ‘माझे बाबा साहेबांचा फोन आला की उभं राहून बोलतात.’ एकीने लिहिलं, ‘आजी माझ्या ताटात लाडू वाढते आणि आईला सांगते की डबा संपला.’ शुद्धलेखनाच्या चुका होत्या, असू द्यात. या वाक्यांना मी पैकीच्या पैकी गुण दिले. पालकांनो, हा खेळ जेवताना घरीही खेळता येईल. मात्र मुलांनी तुमच्याबद्दल लिहिलेलं वाचायची तयारी ठेवा!

खरी गोष्ट पुढेच आहे. प्रगतिपुस्तकात आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो, ते स्वभावचित्रणच ना? तिथे आपण काय लिहितो? ‘नम्रपणे बोलतो’, ‘चंचल आहे’, ‘अभ्यासात लक्ष नाही’. अनेकदा तर तयार नोंदींची फाइल उघडायची आणि उतरवायची. पटावर पन्नास मुलं, वर ऑनलाइन माहिती भरायची; वेळ कुठून आणणार, हे मलाही कळतं. पण गटणेसाठी आणि अंतू बर्व्यासाठी एका लेखकाने जेवढं लक्ष दिलं, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं तरी समोरच्या जिवंत मुलाला मिळायला नको का? ‘चंचल’ हा शब्द एकदा चिकटला की पुढच्या इयत्तेचे शिक्षक मूल बघायच्या आधी तो शब्द बघतात.

त्याऐवजी असं लिहून बघा: ‘भागाकार सुरू झाला की पाणी प्यायला जातो. गोष्ट सुरू असली की पहिल्या बाकावर येऊन बसतो.’ दोनच वाक्यं, पण यातून पुढच्या शिक्षकांना कामाला सुरुवात करता येते. आठवड्याला पाच मुलं धरली तरी एका सत्रात पट पूर्ण होतो.

आणि पालकहो, शाळेतून ‘चंचल’ असा शेरा आला तर मुलावर रागावण्याआधी पालकसभेत एवढंच विचारा, ‘बाई, नेमका केव्हा?’