बारा मिनिटांचा हिशेब

रे चार्ल्सच्या एखाद्या भक्ताला गाठा आणि 'व्हॉट्ड आय से' या गाण्याचा विषय काढा. पुढची गोष्ट तो डोळे मिटून सांगेल. डिसेंबर १९५८. नाचाचा चार तासांचा कार्यक्रम. मध्यरात्र उलटलेली, यादीतली सगळी गाणी गाऊन संपलेली आणि ठरल्या वेळेतली १२ मिनिटं अजून उरलेली. रे वादकांना आणि मागे गाणाऱ्या मुलींना सांगतो, मी काय करतो ते बघा आणि माझ्या मागून या. डाव्या हाताने एक तुकडा घोळवायला घेतो, तोंडाला येतील त्या ओळी गातो, आणि बघता बघता सभागृहाची जमीन हादरायला लागते. कार्यक्रम संपल्यावर लोक विचारतात, ही रेकॉर्ड कुठे मिळेल? रेकॉर्ड कुठली मिळायला, गाणंच घटकाभरापूर्वी जन्मलेलं!

इथवर माझी काही तक्रार नाही. गोष्ट खुद्द रेने सांगितलेली आहे आणि मलाही ती आवडते. भांडण लागतं ते पुढच्या वाक्यावर. भक्त हात वर करतो आणि म्हणतो, "ते आतूनच यावं लागतं हो. शिकून येत नाही." वर पुस्ती जोडतो, "आणि देवाने डोळे नेले ना, म्हणून कान दिले."

हे दुसरं वाक्य आधी निकालात काढतो, कारण त्याचा मला राग येतो. रेची दृष्टी लहानपणीच जायला लागली आणि सातव्या वर्षापर्यंत पुरती गेली. त्या बदल्यात कुणी काही दिलं नाही. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या अंध-मूकबधिर मुलांच्या शाळेत त्याला घातलं. तिथेही गोरी आणि काळी मुलं वेगळी ठेवलेली. ज्यांना रंग दिसतच नव्हते त्यांचीही रंगावरून वाटणी! त्या शाळेत तो ब्रेलमधली स्वरलिपी शिकला. डोळस विद्यार्थी कागद समोर ठेवून दोन्ही हातांनी वाजवतो. ब्रेलमध्ये वाचायलाच हात लागतो. म्हणजे एका हाताने ठिपके चाचपायचे, दुसऱ्याने वाजवायचं; मग हात बदलायचे; आणि दोन्ही हातांचं पाठ झालं की मगच दोन्ही एकत्र. एवढं सगळं डोक्यात साठवल्याखेरीज पुढची ओळ नाही. पुढे रे अख्ख्या वाद्यवृंदाची मांडणी मनात रचून, कुठल्या वाद्याने कुठला स्वर घ्यायचा ते, दुसऱ्याला तोंडी उतरवून देत असे. याला कुणी देणगी म्हणणार असेल तर म्हणो. मी त्याला पाठांतर म्हणतो.

आणि शाळेच्याही आधी ग्रीनव्हिल गावात वायली पिटमन नावाच्या माणसाचा रेड विंग कॅफे होता. पिटमन बूगी-वूगी पियानो वाजवायचा आणि शेजारी पोराला बसवून घ्यायचा. पंधराव्या वर्षी रेची आई गेली. त्यानंतर पोटासाठी फ्लोरिडाभर मिळेल तिथे वाजवणं, १९४८ मध्ये तिथून थेट दुसऱ्या टोकाला सिअ‍ॅटल, आणि कित्येक वर्षं नॅट किंग कोलची हुबेहूब नक्कल. सुरुवातीच्या त्या रेकॉर्डी ऐका. गळा गोड आहे, पण माणूस सापडत नाही. 'आतून येणारं' जे काही होतं ते त्या वर्षांत कुठे दडी मारून बसलं होतं?

एवढं ऐकल्यावर भक्त गप्प होतो, पण मग दुसऱ्या कोपऱ्यातून एक जाणकार खाकरतो. तो म्हणतो, "मग त्यात नवं काय? बारा मात्रांची नव्हे, बारा बारची ब्लूजची चौकट आयती, चर्चमधली हाळी-प्रतिसादाची तऱ्हा आयती. उत्स्फूर्तबित्स्फूर्त काही नाही. जुनाच माल, नवी पुडी." याच्याकडे पुरावेही असतात. १९५४ चं 'आय गॉट अ वुमन' घ्या, तो म्हणतो. प्रवासात मोटारीतल्या रेडिओवर सदर्न टोन्सचं 'इट मस्ट बी जीझस' लागलं, त्याचाच हा संसारी अवतार. शब्दांत रेनाल्ड रिचर्ड या बँडमधल्या ट्रंपेटवाल्याचा वाटा, आणि गाण्यावर नावही दोघांचं. आणखी हवं? 'जॉर्जिया ऑन माय माइंड' होगी कारमायकेल आणि स्टुअर्ट गोरेल यांचं, 'हिट द रोड जॅक' पर्सी मेफिल्डचं, 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' डॉन गिब्सनचं. ज्याची सर्वांत गाजलेली गाणी दुसऱ्यांनी लिहिली, त्याला गीतरचनेचा चमत्कार कसा म्हणायचं?

तपशील एकूणएक बरोबर, निष्कर्ष मात्र साफ चूक. देवाला उद्देशून गायची चाल बाईला उद्देशून गायल्याबद्दल चर्चवाल्यांनी रेला शिव्या घातल्या. जुनाच माल असता तर कोण कशाला चिडलं असतं? आणि चौकट आयती असणं हा उत्स्फूर्ततेचा प्रतिवाद कसा होतो, हे मला कधीच कळलेलं नाही. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. बंदिश ठरलेली, ताल ठरलेला, राग तर शतकांचा. तरी त्याच रात्री, त्याच आवर्तनात जे सुचतं त्याला आपण उपज म्हणतो. चौकटच नसेल तर उपजायचं कशात? भक्ताला चौकट दिसत नाही, जाणकाराला उपज दिसत नाही. दोघांनी मिळून 'व्हॉट्ड आय से'ची एकच रेकॉर्ड लावून ऐकावी, अशी माझी सूचना आहे.

मी ती पुष्कळदा ऐकली आहे, म्हणून सांगतो. पहिल्यांदा फक्त वुर्लिट्झरच्या इलेक्ट्रिक पियानोचे खर्जातले सूर, तोच तुकडा पुन:पुन्हा. हा पियानो रे १९५६ पासून वापरत होता. कारण अगदी व्यवहारी: गावोगावच्या सभागृहांतले पियानो बेसूर असत, त्यांचा त्याला भरवसा नव्हता. बाकीचे वादक त्या खेळण्याला हसत. मग मिल्ट टर्नरचा ड्रम येतो, आणि तो ब्लूजच्या नेहमीच्या चालीने नव्हे तर लॅटिन वळणाने. गाणारा आवाज बराच वेळ येतच नाही. आला की एकेक कडवं सुटं. याचा त्याच्याशी संबंध नाही, गोष्ट नाही, क्रम नाही. टेबलाशी बसून लिहिलेलं गाणं असं नसतं. वेळ काढायला उभ्या उभ्या गायलेलं असंच असतं. त्या रात्रीची खूण रेकॉर्डमध्ये अशी राहून गेली आहे, आणि म्हणून मी त्या गोष्टीवर विश्वास ठेवतो.

पण त्या १२ मिनिटांत एकटा रे नव्हता, हे भक्त विसरतो. गोंधळात झील धरणारा चुकला की गोंधळ्याचं काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. इथे पुढची ओळ काय असेल हे गाणाऱ्यालाच ठाऊक नाही, आणि मार्जी हेंड्रिक्स आणि बाकीच्या रेलेट्सनी, म्हणजे मागे गाणाऱ्या मुलींनी, ती ऐकल्या क्षणी उचलायची आहे. उत्तरार्धात तर शब्दही संपतात. तो हुंकारतो, त्या हुंकारतात; तो लांबवतो, त्या लांबवतात. रात्रीमागून रात्र बसमधून फिरून एकत्र वाजवलेलं असल्याशिवाय हे होत नाही. गाण्यावर रचनाकार म्हणून नाव एकट्या रेचं आहे. कायद्याने ते ठीकच असेल. पण चाहत्यांनी तरी कायद्याच्या पलीकडे ऐकावं.

आता माझं म्हणणं. रेची प्रतिभा त्या रात्री दिसली हे खरं, पण मला ती त्याहून लख्ख दिसते दुसऱ्या रात्री. सुचलेलं विसरून जाणं हा फिरत्या वादकांचा रोजचा धंदा. वेळ काढायला काहीबाही वाजवायचं, पैसे घ्यायचे, बसमध्ये झोपायचं. अशी किती गाणी त्या रस्त्यांवर सांडली असतील! रेने ते सांडू दिलं नाही. पुढच्या मुक्कामी त्याने तेच पुन्हा वाजवलं, मग त्याच्या पुढच्या, आणि दरवेळी लोक तसेच पेटले. नवं गाणं रेकॉर्ड करण्याआधी लोकांपुढे चाचपून बघणं त्याला एरवी पटत नसे. इथे त्याने स्वत:चा नियम मोडला. मग अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्सलरला फोन केला, की माझ्याकडे एक नवं गाणं आहे. अपघाताने हाती आलेल्या वस्तूला अपघात न मानणं, हे मला त्या डाव्या हाताच्या तुकड्याइतकंच मोठं वाटतं. ते आकाशातून पडत नाही. त्याला कान लागतो, आणि स्वत:च्या नियमाहून त्या कानावर जास्त विश्वास लागतो.

१८ फेब्रुवारी १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झालं. साडेसात मिनिटांच्या वर गेलेलं गाणं अटलांटिकचा ध्वनिमुद्रक टॉम डाउड याने कापून साडेसहाच्या आसपास आणलं आणि रेकॉर्डच्या दोन बाजूंना दोन भाग केले. म्हणजे 'उत्स्फूर्त' गाण्यावर कात्रीही चालली. काही रेडिओ केंद्रांना ते हुंकार अश्लील वाटले. तरी गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आणि एकूण यादीत सहावं आलं.

दोन भागांच्या सांध्यावर एक गंमत आहे. गाणं थांबतं. संपलंच म्हणायचं. मग गलका उठतो, थांबू नकोस, चालू ठेव. रे जणू काही कळतच नाही असं दाखवत थोडा वेळ खेळवतो आणि पुन्हा सुरू करतो. डिसेंबरच्या त्या सभागृहात ओरडणारे लोक खरे होते. न्यूयॉर्कच्या त्या खोलीत श्रोता एकही नव्हता. तो गलका करणारे रेचेच वादक आणि रेलेट्स.