राखणीचं मोल

"सहा महिने परदेशात राहायचं, काम करायचं आणि वर पगार नाही! हे कसलं शिक्षण?" ओळखीतल्या एक वहिनी परवा तणतणत होत्या. मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात इंटर्नशिप करायची आहे, तीही 'डेटा प्रोटेक्शन'मध्ये. वहिनींचा दुसरा प्रश्न आणखी सरळ होता, "माहिती राखायला वकील कशाला लागतो? कॉम्प्युटरवाले आहेत की!"

मैत्रिणींनो, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा आधी घेऊ.

डेटा म्हणजे आपलं नाव, पत्ता, बोटांचे ठसे, आजार, धर्म, घरात कोण कोण राहतं ते सगळं. कॉम्प्युटरवाला या माहितीला कुलूप लावतो. पण मुळात कोणती माहिती मागायची, कशासाठी मागायची, किती दिवस ठेवायची, कोणाला दाखवायची आणि 'नाही सांगत जा' म्हणणाऱ्या बाईला मदत मिळणार की नाही, हे ठरवायला कायदा जाणणारं माणूस लागतं.

जिनिव्हाचा आणि माहितीचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, रेडक्रॉसनं तिथे युद्धकैद्यांची माहिती ठेवणारी कचेरी उघडली. कोणाचा मुलगा कुठल्या छावणीत आहे, जिवंत आहे की नाही, याची लाखो कार्डं तिथे हातानं लिहिली गेली. हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. त्या कार्डांवरून हजारो आयांना आपल्या लेकरांचा ठावठिकाणा कळला. पण तेच कार्ड शत्रूच्या हाती लागलं तर? माहिती जोडते तशी घातही करते.

हे काही जुन्या काळापुरतं नाही. जानेवारी २०२२ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या संगणकांत कोणीतरी घुसल्याचं उघडकीस आलं. युद्धात, आपत्तीत, स्थलांतरात ताटातूट झालेल्या आणि तुरुंगात असलेल्या ५ लाख १५ हजारांहून जास्त माणसांची माहिती त्यात होती. साठ देशांतल्या रेडक्रॉस आणि रेड क्रिसेंट संस्थांनी ती गोळा केली होती. काही काळ ती यंत्रणाच बंद ठेवावी लागली. म्हणजे हरवलेल्यांना शोधण्याचं कामच अडलं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांचं. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेनं जून २०२१ मध्ये आरोप केला, की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं गोळा केलेली त्यांची माहिती बांगलादेश सरकारमार्फत म्यानमारला पोचली. ज्या म्यानमारमधून ही माणसं जीव घेऊन पळाली, त्याच म्यानमारला! माहिती पुढे द्यायला हरकत नाही, अशी खूण असलेली पावती इंग्रजीत होती आणि ती वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, असंही त्या अहवालात आहे. निर्वासित संस्थेनं हे मान्य केलं नाही. आम्ही स्वतंत्रपणे संमती विचारली होती आणि नकार दिला तरी मदत चालूच राहील हे सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. खरंखोटं ठरवणं माझं काम नव्हे. पण रेशनची वाट बघत उभ्या असलेल्या बाईपुढे कागद आला, तर ती काय विचारून सही करणार?

हे मला नवं वाटत नाही. बचत गटाच्या कर्जाचे कागद भरताना मी वर्षानुवर्षं बघते आहे. 'इथे, इथे आणि इथे' असं बोट दाखवलं जातं आणि बायका सह्या ठोकतात. एकदा तर नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आसऱ्याला आलेल्या एका बाईचा पत्ता फोनवर 'मी तिचा भाऊ बोलतोय' म्हणणाऱ्याला सांगून टाकला गेला. सांगणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पण त्या बाईला रातोरात दुसरीकडे हलवावं लागलं. ज्याला ही एक गोष्ट कळली, त्याला डेटा प्रोटेक्शन कळलं असं मी म्हणेन.

या मोठ्या संस्थांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. संयुक्त राष्ट्रांना १९४६च्या करारानं देशोदेशींच्या कोर्टांपासून संरक्षण आहे. कुठल्याही सरकारच्या दबावाखाली त्यांनी येऊ नये, म्हणून ते गरजेचंही आहे. पण त्यामुळे एखाद्या निर्वासित बाईची माहिती चुकीच्या हाती गेली, तर ती कोर्टात कोणाला खेचणार? म्हणून या संस्था स्वतःचे नियम करतात. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं ते २०१५ मध्ये केले, संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या शाखांसाठी तत्त्वं २०१८ मध्ये ठरवली. जिथे बाहेरचं कोर्ट नाही, तिथे आतला नियम आणि तो नीट पाळला जातोय का हे बघणारं माणूस, एवढाच काय तो आधार.

इंटर्न मुलगी तिथे याच कामात हात घालते. सॉफ्टवेअर कंपनीबरोबरचा करार वाचायचा, नवी योजना सुरू होण्याआधी त्यातून कोणाला धोका होईल ते तपासायचं, 'माझ्याबद्दल तुमच्याकडे काय लिहिलंय ते दाखवा' असे अर्ज आले तर उत्तराचा मसुदा करायचा, संमतीचा कागद सोप्या भाषेत लिहायचा. माझ्या मते हे समाजकार्यच आहे, फक्त काळ्या कोटातलं.

आता पहिला प्रश्न, पैशाचा. इथे मी पूर्णपणे आईच्या बाजूची आहे. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय इंटर्नला पगार देत नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, राहणं, खाणं सगळं पदरचं. आणि जिनिव्हा हे जगातल्या महागड्या शहरांपैकी एक! २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक इंटर्न तिथे तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली. लोकांचं लक्ष वेधावं हाही आपला हेतू होता, असं त्यानं पुढे सांगितलं. पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

मग तिथे जातं कोण? ज्याच्या घरी सहा महिने पोसण्याची ऐपत आहे तो. मला खरा आक्षेप इथे आहे. ज्या मुलीनं रेशनकार्डावर नाव चढवायला आईबरोबर चार चकरा मारल्या, आजीचा अंगठा कुठल्या कागदावर घेतला जातोय हे बघितलं, तिला संमतीच्या कागदातली खोच पटकन दिसते. ती विचारेल, 'हा कागद वाचून कोण दाखवणार? नाही म्हटलं तर रेशन बंद होणार नाही, हे कुठे लिहिलंय?' आणि नेमकी तीच मुलगी पैशापायी दाराबाहेर राहते. रांगेत उभं राहणाऱ्यांचे नियम, ज्यांनी रांग पाहिली नाही त्यांनी लिहायचे. हे मुलीचं नुकसान आहेच, त्याहून जास्त त्या निर्वासित बाईचं आहे.

आणि पैसे देता येत नाहीत, हे काही खरं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इंटर्नना विद्यावेतन देते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०पासून ते द्यायला सुरुवात केली. तीही सदस्य देशांनी २०१८ मध्ये ठराव केला म्हणून. सांगितल्याशिवाय कोणी देत नाही, हेच खरं.

तेव्हा घरात असा विषय निघाला तर मुलीला 'हे कसलं खूळ' म्हणून गप्प करू नका. विद्यावेतन देणाऱ्या संस्थांकडे आधी अर्ज करू द्या. किती मिळणार, विमा कोण काढणार, हे तिला लेखी विचारायला लावा. बिनपगारी इंटर्नशिपसाठी मात्र दागिने गहाण टाकू नका, कर्जही काढू नका. त्यातून नोकरीची हमी मिळत नाही. आणि कोणी एजंट 'फी भरा, लावून देतो' म्हणाला तर सरळ दार दाखवा. संयुक्त राष्ट्रं भरतीसाठी कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाहीत.

जिनिव्हा नाही जमलं, तरी विषय सोडायचं कारण नाही. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती कशासाठी घेतोय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत मागण्याचा हक्क त्यात आहे. म्हणजे मराठीतही! बँका, दवाखाने, शाळा सगळ्यांना हे जाणणारे वकील लागणार आहेत. सोप्या मराठीत असा कागद लिहू शकणाऱ्या मुली तालुक्याच्या गावात आहेत.

बाकी, संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाला मंजुरी तिथली आमसभा देते आणि त्या आमसभेत भारतही बसतो. इंटर्नना विद्यावेतन द्या, ही मागणी आपल्या प्रतिनिधींनी तिथे लावून धरावी, असं पत्र खासदारांना लिहायला महिला मंडळांना काय हरकत आहे? पुढच्या बैठकीत हळदीकुंकवाच्या खर्चाचा हिशेब झाला, की हा विषय घ्या. एक कागद, पंधरा सह्या. पण सही करण्याआधी प्रत्येकीनं तो वाचायचा, एवढं मात्र नक्की.