‘मराठी’ हा दुवा कोठे नेतो?

बहुभाषिक संकेतस्थळाच्या माथ्यावर ‘मराठी’ असा दुवा असतो, तेव्हा तो वाचकाला एक वचन देत असतो: आपण जे वाचत आहात, तेच मराठीत वाचता येईल. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हा दुवा मुखपृष्ठावर आणून सोडतो. शिष्यवृत्तीची इंग्रजी सूचना उघडून मराठीकडे वळलेला शिरपूरचा किंवा चोपड्याचा विद्यार्थी पुन्हा दारात उभा राहतो आणि कंटाळून इंग्रजीकडेच परततो. मग ‘मराठी पाने कोणी वाचत नाही’ असे म्हणायला आकडेही हाताशी येतात.

आमच्या मते हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो भाषांतराचा, म्हणून आपलाही आहे. विकिपीडियावर भाषा बदलली की वाचक त्याच विषयाच्या लेखावर पोचतो. २०१२ साली सुरू झालेला विकिडेटा निरनिराळ्या भाषांतील लेख एका विषयाशी बांधून ठेवतो. मराठी पान नसेल, तर ‘हे पान मराठीत नाही’ असे सांगावे. असल्याचा आभास निर्माण करू नये.

पत्ता बदललेल्या पानांनाही हाच न्याय लावावा लागेल. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. जुन्या नावाने शोधणाऱ्याला ग्रंथालयाची तालिका ‘पाहा’ अशी नोंद करून नव्या नावाकडे पाठवते. महाजालावर ‘३०१’ हा संकेत हेच काम करतो: पान कायमचे हलले आहे, नवा पत्ता हा. मात्र तो पत्ता त्याच मजकुराचा आणि त्याच भाषेतला हवा. नाहीतर प्रबंधाच्या तळटीपेतला मराठी संदर्भ इंग्रजी मुखपृष्ठावर जाऊन संपतो.

वाचकाचे ठिकाण पाहून यंत्राने त्याची भाषा ठरवणेही आम्हांस मान्य नाही. आमच्या मुलखात घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि अर्जात इंग्रजी असे एकाच माणसाचे दिवसभर चालते. निवड त्याची असावी, आणि एकदा केलेली निवड पुढच्या पानावर टिकावी.

मराठी विभागांनी ही तपासणी आपल्याच महाविद्यालयाच्या संकेतस्थळापासून सुरू करावी. आतले कोणतेही पान उघडावे, ‘मराठी’वर टिचकी मारावी आणि आपण कोठे पोचतो ते लिहून ठेवावे.