पांढरे रस्ते आणि आपली पाणंद

वाटेला मराठीत जितकी नावे आहेत, तितकी ती बहुधा पायी चालणाऱ्यांनीच पाडली असावीत. पायवाट, गाडीवाट, आडवाट, घाटवाट, शिवरस्ता, पाणंद आणि वहिवाट. यांतला शेवटचा शब्द आम्हांस विशेष वाटतो. लोक वापरत राहिले म्हणून जी वाट झाली, आणि वापरत राहिले म्हणूनच जिच्यावर त्यांचा हक्क झाला, ती वहिवाट. हा अर्थ केवळ कोशात पडून राहिलेला नाही. मामलेदार न्यायालयांच्या १९०६च्या कायद्यान्वये आणि जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील तरतुदींन्वये आजही शेताकडे जाणारी वाट अडवल्याच्या तक्रारी तहसीलदारांपुढे चालतात. वापर थांबला की हक्कही पातळ होतो, हे खेड्यातला कोणीही माणूस वकिलाला न विचारता सांगेल.

हे आज लिहिण्याचे कारण सायकल. गेल्या काही वर्षांत पुण्यातील हौशी सायकलस्वारांत 'ग्रॅव्हल' नावाचा एक प्रकार रुजला आहे. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र रुंद आणि थोडी कमी हवा भरलेले; डांबर सोडून खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या रस्त्यांनी लांब पल्ला गाठायचा. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होऊ लागली असून पहिली इटलीतच झाली. इटलीचे नाव यात वारंवार येते, आणि त्यातही तस्कनी प्रांताचे. द्राक्षांचे मळे, सरूच्या रांगा आणि त्यांतून टेकडीवर वळत जाणारा चुनखडीचा पांढरा रस्ता ही छायाचित्रे आता आपल्याही ओळखीची झाली आहेत. आमच्या महाविद्यालयातील काही सहकारी तर या सहलीसाठी पैसे साठवीत आहेत.

गंमत अशी, की या सायकलीच्या टायरची रुंदी साधारण चाळीस मिलिमीटर असते. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, गावोगाव फिरणाऱ्या शिक्षकाच्या काळ्या सायकलीला अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंदीचा टायर असे. म्हणजे जवळजवळ तेवढाच. रस्ते कच्चे होते म्हणून टायर रुंद होता, इतका साधा हिशेब. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. आणि त्याच सुमारास तोच टायर नव्या नावाने आणि लाखांच्या किमतीने परत येत होता. असो.

तस्कनीतील त्या पांढऱ्या रस्त्यांची कथा मात्र नुसत्या सौंदर्याची नाही. तिथली जमीन पिढ्यान्‌पिढ्या निम्म्या वाट्याने कसणारी कुटुंबे होती. आपल्याकडच्या अर्धलीसारखीच ती पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे शहरांकडे निघाली, आणि १९६४ मध्ये कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी आली. माळावरची दगडी घरे रिकामी झाली. डांबराची मागणी करायला तिथे पुरेशी माणसेच उरली नाहीत, हे ते रस्ते पांढरे राहण्याचे एक कारण आहे. पुढे उरलेल्या रस्त्यांवरही डांबर पडू लागले, तेव्हा गायोले इन क्यांती या लहानशा गावातून १९९७ मध्ये ब्याण्णव जण जुन्या सायकली घेऊन त्यांवरून निघाले. 'लेरोइका' हे त्या फेरीचे नाव. १९८७ पूर्वीचीच सायकल हवी, हा तिचा नियम. रस्ते वाचवणे हा हेतू. २००७ पासून त्याच भागात व्यावसायिकांची शर्यतही भरते आणि ती सिएनाच्या जुन्या चौकात संपते. ज्या रस्त्यांना कोणी वाली नव्हता, त्यांची वहिवाट सायकलस्वारांनी पुन्हा चालू केली, असे आम्ही मराठीत म्हणू.

आता हाच धडा पुण्यात जसाच्या तसा गिरवावा, असे म्हणणारे भेटतात. पाबे घाट पूर्वी कसा होता, पुरंदरच्या पठारावरील धुळीच्या वाटा कशा होत्या, आणि डांबराने त्यांचे कसे मातेरे केले, अशी हळहळ रविवारच्या न्याहारीला ऐकू येते. येथे आमचा या मंडळींशी मतभेद आहे, आणि तो स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

आपली पाणंद रिकामी झालेली नाही. तिच्या दुसऱ्या टोकाला माणसे राहतात. काळ्या रानातून जाणारी पाणंद जून ते सप्टेंबर गुडघाभर चिखलाची असते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आपण ती घेतो, छायाचित्र काढतो, आणि संध्याकाळपर्यंत गरम पाण्याच्या आंघोळीला घरी पोचतो. तिथल्या मुलीला उद्या त्याच चिखलातून शाळेत जायचे असते, उसाची गाडी बाहेर काढायची असते, आजारी माणसाला डांबरी सडकेपर्यंत आणायचे असते. राज्य शासनाला २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढावी लागली, यावरूनच ही गरज किती जुनी आणि किती अपुरी राहिलेली आहे ते कळावे. ज्याच्या दाराशी डांबर आहे त्याने दुसऱ्याच्या दाराशी धूळ राहावी अशी इच्छा धरणे, हे निसर्गप्रेम नव्हे. 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर पहाटेच्या अंधारात पायी गावाकडे निघतो, ते वाचताना आपण हरखून जातो. पण तो पायी निघतो, कारण त्याला दुसरे काही साधन नसते.

मग पुण्याच्या कच्च्या वाटांसाठी बोलायचेच नाही काय? बोलायचे, फक्त जागा नीट निवडायची. कोणाच्याही जगण्याची अडचण न करता ज्या वाटा मातीच्या राहू शकतात, त्या बऱ्याचशा शहरात आणि शहराच्या अंगालाच आहेत. आणि नेमक्या त्यांच्यावरच डोळा आहे.

खडकवासल्याहून निघणारा मुठेचा उजवा कालवा घ्या. सिंहगड रस्त्याच्या कडेने, पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, हडपसर करीत तो शहराबाहेर पडतो आणि पुढे लोणी, उरुळी, यवतच्या बाजूने दौंड-इंदापूरकडे जातो. त्याच्या काठाने पाटबंधारे खात्याची माणसे पाहणीसाठी ये-जा करीत, तो मुरमाचा रस्ता. लोक त्याला पाटाचा रस्ता म्हणतात. कालवा पाण्याच्या उताराने चालतो, त्यामुळे या रस्त्याला चढ जवळजवळ नाही. झाडांची सावली आहे. शाळकरी मूल, म्हातारा माणूस, कामावर निघालेला मजूर, कोणालाही सायकल चालवता येईल अशी सपाट वाट निसर्गाने नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी आपल्याला आयती दिली आहे. शहरातले तिचे तुकडे कुठे डांबरी होऊन मोटारींची आडवाट झाले, कुठे राडारोड्याने बुजले. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला आणि घरांत पाणी शिरले, तेव्हा कुठे काठाची अवस्था शहराच्या नजरेस आली. आता खडकवासला ते फुरसुंगी हे पाणी बोगद्यातून नेण्याचा प्रकल्प मंजूर झालेला आहे. कालव्याची जागा मोकळी झाली की तिथे मोटारींसाठी रस्ता करावा, ही सूचना तर जुनीच आहे. ती प्रत्यक्षात आली, तर या शहराला असा सलग सपाट पट्टा पुन्हा मिळणे नाही.

टेकड्यांचे तसेच. वेताळ टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याचा वाद किती वर्षे चालला आहे, हे पुणेकरांस सांगायला नको. टेकडीच्या बाजूने बोलताना सायकलवाल्यांनी आपल्या चाकांकडेही पाहावे. मऊ मातीवर रुंद टायरची जी रेघ उठते, ती पावसात पाण्याची वाट होते आणि उतारावरची माती तिच्यातून वाहून जाते. पावसाळ्याचे चार महिने टेकडी चालणाऱ्यांना सोडावी, असे आमचे मत आहे. ते आमच्यापैकी एकास अजूनही मान्य नाही.

प्रशासनाला सायकल कळत नाही, असे आता म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि तिच्या ४३७ किलोमीटरच्या मार्गावरील रस्ते त्याआधी गुळगुळीत करण्यात आले. मनात आणले तर काम किती झपाट्याने होते, हे जिल्ह्याने पाहिले. आराखड्याचे किती किलोमीटर आज सायकलीने चालवता येतात, हे मात्र ज्याने त्याने आपल्या घरापासून मोजून पाहावे.

पाटाच्या रस्त्याला तर गुळगुळीतपणाही नको. दर दिवाळीला मुरूम टाकून रोलर फिरवावा, मोऱ्या साफ कराव्यात, आणि दोन्ही टोकांना मोटार शिरणार नाही असे दगड रोवावेत. त्याखेरीज विकास आराखड्यात त्याची नोंद चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा रस्ता म्हणूनच हवी. नोंद होईपर्यंत एक काम आपल्या हाती आहे. तस्कनीचे तिकीट काढणाऱ्यांनीही आठवड्यातून एकदा कामावर जाताना हडपसरच्या बाजूने या वाटेने जावे. सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी. डबा आणि दप्तर घेऊन. वहिवाट सिद्ध करताना तहसीलदार वाट वापरात होती की नाही, एवढेच आधी विचारतात.